बुडी मारायची तर बडी हवाच!

परवा पुण्याच्या एका मुलाचा मेसेज आला. "दादा, शनिवारी मालवणात येतोय. फ्रीडायव्हिंगला कोणी बडी मिळेल का? नाही मिळाला तरी चालेल, मी पोहायला पक्का आहे."

"नाही मिळाला तरी चालेल" एवढ्या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. जरा लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र खडपाजवळ बुड्या मारत होतो. खोली जेमतेम आठ मीटर. मित्र लहानपणापासून दर्यात वाढलेला, दमाला माझ्यापेक्षा दुप्पट. चौथ्या-पाचव्या बुडीला तो वर आला, बोयाला हात लावला, माझ्याकडे बघून हसला आणि दुसऱ्या क्षणी मान टाकून पाण्यात घसरला. आवाज नाही, धडपड नाही. मी हातभर अंतरावर होतो म्हणून धरला. तोंड पाण्यावर उचललं, मास्क काढला, चेहऱ्यावर फुंकर मारली, नावाने हाका मारल्या. पाच-सहा सेकंदांत डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "मी वर कधी इलंय?"

त्याला काहीच आठवत नव्हतं. मी त्या वेळी मोबाईलच्या कव्हरशी खेळत असतो तर आज हा किस्सा नसता, दहावं-बारावं असतं.

हे का होतं, ते सोप्या भाषेत सांगतो. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतले की तो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त धोक्याची घंटा उशिरा वाजते. त्यात १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून खाली असताना थोडा ऑक्सिजनही पुरतो. वर येताना दाब कमी होतो, तसा मेंदूला मिळणारा ऑक्सिजनही झपकन घसरतो. म्हणून शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा शेवटच्या काही मीटरांत, नाहीतर वर आल्यावर. आणि हे होणार आहे हे स्वतःला कळत नाही. जे स्वतःला कळत नाही ते दुसऱ्यानेच बघायला हवं. बडी लागतो तो एवढ्यासाठीच.

कोणी म्हणेल, हे नवशिक्यांचं झालं. नताल्या मोल्चानोवा हे नाव शोधून बघा. २००९ मध्ये एका श्वासात, स्लेडशिवाय केवळ स्वतःच्या ताकदीवर १०० मीटरच्या पलीकडे जाणारी पहिली स्त्री. २ ऑगस्ट २०१५ ला स्पेनच्या फोरमेंतेरा बेटाजवळ ती शिकवणी देत होती. तिच्या हिशेबाने साधी अशी बुडी मारायला ती गेली आणि परत आलीच नाही.

"आमचे आजे-पणजे कुठे बडी घेऊन जात होते?" हाही प्रश्न येतो. अहो, ते होडीतून चार जण जायचे. एक खाली, बाकीचे वर. तोच बडी, फक्त नाव इंग्रजी नव्हतं.

आता बडी कोण? सोबत आलेला प्रत्येक जण बडी नसतो. किनाऱ्यावर कपडे सांभाळणारा नाही, होडीत बसलेला नाही, आणि गोप्रो घेऊन तुमचा व्हिडिओ काढणारा तर अजिबात नाही. तुम्ही जिथवर जाता तिथवर जाऊन तुम्हाला वर आणू शकतो, तो बडी. नियम एकच: एक खाली, एक वर. वर आल्यावरही निदान ३० सेकंद नजर हलवायची नाही. दोघांनी एकदम बुडी मारली की दोघेही एकटेच.

याची खरी किंमत पैशात नाही. बुड्या निम्म्या होतात, कारण निम्मा वेळ तुम्ही वर राहून दुसऱ्याकडे बघत असता. लोकांना नेमकं तेच जड जातं.

सहलीचं म्हणाल तर आमच्याकडे अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्याने जाऊ नये. सकाळी लवकर जा, दुपारी वारा सुटतो. वरून बडी दिसत नसेल एवढं पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी सोलकढी प्या आणि घरी जा. झेंड्याचा बोया हवाच, कारण किल्ल्याकडच्या बाजूला होड्या आणि जेटस्की सतत फिरतात. वजनाचा पट्टा एका हाताने सुटला पाहिजे. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती घ्या. सर्दी असेल तर नको, आदल्या रात्रीची उतरली नसेल तर मुळीच नको. कुठे जातोय, किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा. १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४, हे दोन नंबर त्याच्याकडे असू देत.

आता आपल्या गाववाल्यांना. होडीत चढताना लाइफ जॅकेट घातलं का, हे आपण विचारतो. फिन्स घेऊन एकट्याच निघालेल्या पोराला "तुझा जोडीदार खंय?" असं कोण विचारतं? होमस्टेवाल्यांनी विचारावं, होडीवाल्यांनी विचारावं. ग्रामपंचायतीने किनाऱ्यावर एक फलक लावावा, आणि हंगामाच्या सुरुवातीला आपल्या पोरांना बेशुद्ध माणसाला वर आणण्याचा सराव द्यावा. खर्च फार नाही. आपल्याकडे पाण्यात पटाईत पोरं आहेत, त्यांना चार पैसेही मिळतील.

त्या मुलाला मी उत्तर पाठवलंय: "ये. पहिल्या दिवशी पाच मीटरच्या खाली जायचं नाही. आधी तू मला वर आणून दाखवायचंस, मग मी तुला. जमलं तर रविवारी पुढचं बघू. नाही जमलं तर मासे खाऊन परत जा. दर्या काय पुढच्या शनिवारीही इथेच असेल."