भांडण दाराचे, दुष्काळ शाळांचा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२४ रोजी एक अर्ज सुनावणीस न घेताच फेटाळला आणि व्हर्जिनिया राज्यातील एका शाळेच्या प्रवेशावरून चाललेला तीन वर्षांचा दावा संपला. वाद मात्र संपला नाही. २०२५ साली संघीय शिक्षणखात्याने याच प्रवेशपद्धतीची चौकशी आरंभिली. या वादात भारतीय वंशाचे पालक आघाडीवर आहेत. तेव्हा हे भांडण परक्यांचे म्हणून आम्हांस सोडून देता येत नाही.

फेअरफॅक्स परगण्यातील थॉमस जेफरसन विज्ञान व तंत्रविद्या हायस्कूल १९८५ साली निघाले. शाळा सरकारी, परंतु एका वस्तीपुरती नव्हे. विशेष अभ्यासक्रमाच्या बळावर दूरदूरची मुले ओढून घेणाऱ्या अशा शाळांना तिकडे ‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबक-शाळा म्हणतात. येथे नववीत जीवशास्त्र, इंग्रजी व तंत्रज्ञान यांचे शिक्षक एकत्र येऊन शिकवितात. संगणकशास्त्र सर्वांनाच घ्यावे लागते. आणि बारावीत खगोलशास्त्र, समुद्रविज्ञान, मज्जाशास्त्र अशा एखाद्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतंत्र संशोधन करावे लागते. येथील विद्यार्थ्यांनी घडविलेला एक छोटा उपग्रह २०१३ साली अवकाशात गेला. अशा शाळेच्या दारापाशी गर्दी उसळावी, यात नवल ते काय?

२०२० पर्यंत येथे प्रवेशपरीक्षा होती आणि तिच्या खाजगी शिकवण्याही जोरात होत्या. कृष्णवर्णीय व गरीब मुले आत अभावानेच दिसत. त्या वर्षी शाळामंडळाने परीक्षा रद्द केली, जागा ५५० केल्या आणि प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतील आठवीच्या दीड टक्का मुलांना जागा राखून दिल्या. पहिल्याच वर्षी आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर उतरले. गरीब घरांतील मुले एका टक्क्याहूनही कमी होती, ती २५ टक्के झाली. नियमात वंशाचा उल्लेख नाही, पण रोख आमच्याच मुलांवर आहे, असे म्हणून पालक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने २०२२ साली त्यांचे म्हणणे मान्य केले. २०२३ साली अपील न्यायालयाने दोनास एक अशा मताने तो निर्णय फिरविला.

पालकांचे दुःख खोटे नव्हे. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाला आपण नकोसे झालो असे वाटणे, ही बोच लहान नाही. परंतु परीक्षा म्हणजेच गुणवत्ता, हे आम्ही मानीत नाही. झटपट उत्तर देणारा मुलगा आणि ‘असे का?’ म्हणून अडून बसणारा मुलगा यांतला दुसराच पुष्कळदा पुढे खरा अभ्यासक निघतो, हे वर्गात खडू हाती धरलेल्या कोणासही ठाऊक असते.

आणि आपल्या देशात आपण काय केले? जेफरसन शाळा निघाली त्याच सुमारास, १९८५-८६ मध्ये, पहिली दोन नवोदय विद्यालये हरियाणातील झज्जर येथे व आपल्या अमरावतीत सुरू झाली. तेथे प्रवेशपरीक्षा आहे. परंतु निवड जिल्ह्यापुरती होते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. मग जे तत्त्व अमरावतीत न्याय्य, ते फेअरफॅक्समध्ये अन्याय कसे? प्रत्येक शाळेचा वाटा ठेवणे योग्यच झाले. परीक्षा सुधारण्याऐवजी समूळ काढून टाकणे मात्र घाईचे झाले, असे आमचे मत आहे.

तथापि खरे मर्म याहून निराळे आहे. नवोदय विद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत पसरून आज साडेसहाशेच्या घरात गेली आहेत. फेअरफॅक्ससारख्या संपन्न परगण्याच्या सरकारी शाळांत सुमारे १,८०,००० मुले शिकतात, आणि जेफरसनसारखी शाळा मात्र एकच! तिचे मोठेपण दारावरच्या परीक्षेत नसून आतल्या प्रयोगशाळांत आणि एकत्र बसून पाठ आखणाऱ्या शिक्षकांत आहे. ते अन्य शाळांत नेता येते. त्याला पैसा, शिक्षक व निर्धार लागतो. पाणवठा एकच असेल तर रांगेचा कोणताही नियम कोणाला तरी तहानलेला ठेवणारच. पालकांनी आणि शाळामंडळाने वकिलांवर पैसा खर्च केला. तोच आग्रह त्यांनी दुसरी शाळा, तिसरी शाळा उभारण्यासाठी धरला असता तर दोघांचीही मुले आत दिसली असती. मोजक्या नामांकित संस्थांच्या दारी मुलांना झुंजविणाऱ्या आपल्या शहरांनीही हा धडा वेळीच घ्यावा.