आधी हिशेब, मग कार्ड

गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. नोकरीला लागून त्याला तीन वर्षे झाली आहेत. पाकिटातून तीन क्रेडिट कार्डे काढून त्याने टेबलावर मांडली आणि विचारले, "सर, यांतले कोणते ठेवू?" मी त्याला उलट विचारले, "तुझा महिन्याचा खर्च किती? आणि बिलाच्या मुदतीत त्यातला किती फेडतोस?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. प्रत्येक कार्डावर कोणत्या सवलती मिळतात, हे मात्र त्याला तोंडपाठ होते.

ही गोष्ट त्या एका तरुणापुरती नाही. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. एके काळी मूठभर उच्चभ्रूंच्या खिशात दिसणारी ही वस्तू आता मध्यमवर्गीय घराच्या नित्य व्यवहारात शिरली आहे. साहजिकच तिची निवड हा कौटुंबिक अर्थकारणाचा प्रश्न झाला असून तो जाहिरातीच्या भाषेत सुटणारा नाही.

कार्डधारकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला, दरमहा संपूर्ण बिल मुदतीत फेडणारा. दुसरा, 'किमान देय रक्कम' भरून उरलेली बाकी पुढे ढकलणारा. पहिल्यास कार्ड म्हणजे काही आठवड्यांची बिनव्याजी उसनवारी होय. दुसऱ्यास तेच कार्ड सावकारी कर्ज ठरते. समजा, एखाद्याची बाकी ४०,००० रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाकाठी ४२ टक्के आहे. असा दर आपल्याकडे मुळीच अपवादात्मक नाही. महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली, तर तो २,००० रुपये भरतो. त्यांपैकी १,६५२ रुपये व्याज व करातच जातात. बाकी कमी होते ती अवघ्या ३४८ रुपयांनी! शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही.

अशा माणसाने खरेदीवर एक टक्का परतावा देणारे कार्ड शोधणे व्यर्थ आहे. त्याने व्याजाचा दर तेवढा पाहावा; किंबहुना कार्ड बाजूला ठेवून कमी व्याजाच्या कर्जाने ती बाकी आधी फेडावी. सवलतींचा विचार करण्याचा अधिकार पहिल्या वर्गाचा. पण त्यानेही त्रैराशिक मांडावे. वार्षिक शुल्क करासह १,१८० रुपये आणि परतावा एक टक्का असेल, तर वर्षाला १,१८,००० रुपयांची खरेदी झाल्यावर केवळ शुल्क भरून निघते. त्यापेक्षा कमी खर्च असणाऱ्याने बिनशुल्क कार्ड घ्यावे. ज्याचा प्रवास एस. टी. ने होतो, त्याला विमानतळावरील विश्रांतिकक्षाचा काय उपयोग? ज्याचा मुख्य खर्च किराणा, वीजबिल आणि मुलांचे शुल्क हा आहे, त्याने या बाबींवर परतावा मिळतो की त्या वगळल्या आहेत, हे आधी तपासावे. आणि कार्डावर रोख रक्कम कोणीच काढू नये. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते व वर शुल्कही पडते.

तथापि सारा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. ती मर्यादा गेल्यावर ग्राहकाच्या हाती उरते ती माहिती. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड लांबते व व्याज चढत जाते, असा इशारा बिलावर देणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक केले आहे. हे योग्यच झाले. परंतु सर्वसाधारण इशारा कोणी मनावर घेत नाही. त्या ग्राहकाच्याच बाकीवर किती वर्षे लागतील आणि एकूण किती रुपये जातील, हा आकडा बिलावर हवा. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने असा हिशेब सक्तीचा केला. आपल्या बँकांना तो अशक्य आहे, असे संगणकाच्या या युगात कोण म्हणेल?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. पण अंथरूण मोजण्याची सवय मात्र मोडत चालली आहे. त्या विद्यार्थ्यास मी सहा महिने खर्चाची वही लिहावयास सांगितले. दोन कार्डांची बाकी फेडून ती बंद करण्याचा अर्ज करावयासही सांगितले. बाकी नसल्यास सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. तिसरे कार्ड ठेवावे की नाही, हे त्याची वहीच त्याला सांगेल.