पहिल्या रायफलीला दुर्बीण नको

नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरच्या एका अकरावीतल्या मुलाने मला मोबाइल पुढे करून एक रायफल दाखवली. काळी, अर्धस्वयंचलित; वर लाल ठिपक्याची साइट, खाली दोन पायांचा टेकू, पुढे टॉर्च. "काका, अशीच घ्यायची. आधी साधी घेतो, मग एकेक पार्ट लावत जातो." वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून थोडे बाजूला काढून ठेवलेत, हेही त्याने सांगितलं. त्याचं म्हणणं मला खोडून काढायचं आहे. त्याची हौस मात्र मोडायची नाही, कारण नेमबाजी हा मुलाला घडवणारा खेळ आहे असं मी मनापासून मानतो.

पहिली गोष्ट सरळ आहे. अर्धस्वयंचलित रायफल आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध वर्गात मोडते. आणि ती मिळाली असती तरी खेळात उपयोगाची नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत एका वेळी एकच गोळी भरायची असते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, ते एकेक गोळी हाताने भरूनच. भराभर गोळ्या सुटणं हे गुण वाढवण्याचं साधन नाही.

तेव्हा सुरुवात एअर रायफलीपासून. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. इथे दुसरा आग्रह पुढे येतो: मग २० च्या अगदी जवळ जाणारी, जास्तीत जास्त ताकदीची घेऊ. हाही गैरसमज. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते. दहा मीटरवरच्या लक्ष्याच्या कागदाला याहून जास्त जोर लागत नाही, आणि जोराची, स्प्रिंगवर चालणारी रायफल हातात उसळते. ताकद हवी ती शिकारीला, आणि पैनगंगेच्या काठच्या जंगलात छर्ऱ्याच्या बंदुकीने पाखरं टिपणं हा गुन्हा आहे. त्या वाटेला मी कोणालाच नेणार नाही.

'एकेक पार्ट' लावायचा तर पहिला विचार दुर्बिणीचा येतो; आता तिचा पक्ष. तो नीट मांडायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. दुर्बिणीत लक्ष्य मोठं दिसतं, नजर अधू असेल तर आधार मिळतो, बाकावर रायफल टेकवून नेम तपासताना ती खरोखर कामाची आहे. हे सगळं मान्य. पण नवशिक्याच्या हाताचं हलणंही तिच्यात तितकंच मोठं दिसतं. केंद्र भिंगात येतं-जातं, आणि ते आलं की मुलगा ट्रिगर झटकतो. ही सवय एकदा लागली की सुटायला वर्षं जातात. शिवाय स्प्रिंग रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो; स्वस्त दुर्बिणीची भिंगं त्याने लवकर ढिली होतात. आणि शेवटचं म्हणजे दहा मीटरच्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. आपल्याकडच्या स्पर्धांत नवख्यांसाठी ओपन साइटचा, म्हणजे साध्या खाचेतून नेम धरण्याचा, गट असतो आणि पुढे पीप साइटचा. ज्या वाटेने जायचं नाही, तिच्यावर पहिला खर्च कशाला?

पीप साइट म्हणजे डोळ्याजवळ बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाला रिंग. छिद्र लहान असल्याने रिंग आणि लक्ष्य दोन्ही बरीच स्पष्ट दिसतात, आणि एकाच मध्याभोवतीची वर्तुळं जुळवणं डोळ्याला आपोआप जमतं. दोन साइटमधलं अंतर पाऊण मीटर धरा. पुढची रिंग एक दशांश मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे १.३ मिलिमीटर सरकतो. दहाचा ठिपका आहे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! म्हणून साइट घट्ट बसलेली हवी आणि ती सरकवणाऱ्या चाकाचे क्लिक प्रामाणिक हवेत. या एका सुट्या भागावर पैसे खर्च केलेले मला पटतात.

रिंग कोणती घ्यायची यावर मात्र मोठे खेळाडूही नवख्याला चुकीचं सांगताना मी ऐकले आहेत: 'जितकी बारीक, तितका नेम पक्का.' हिशेब करून बघू. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. तो दहा मीटरवरून, डोळ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवरच्या रिंगमध्ये, जेमतेम अडीच मिलिमीटरचा दिसतो. तीन मिलिमीटरची रिंग लावली तर भोवती पांढऱ्याची एक बारीकशी कड उरते; हात जरा हलला की काळ्यात काळं मिसळतं आणि डोळा गोंधळतो. चारच्या आसपासची रिंग लावली तर पांढरा पट्टा रुंद राहतो आणि तो कुठल्या बाजूला अरुंद झाला हे चटकन कळतं. नवख्याने मोठ्या रिंगनेच सुरुवात करावी. हा बदल काही रुपयांचा आहे.

बाकी पैसा कुठे घालावा? खांद्याला टेकणारी बट प्लेट आणि गालाखालचा चीक पीस अंगाला बसवून घेण्यात. गाल दर वेळी एकाच जागी टेकला नाही, तर डोळा छिद्रामागे एकाच जागी येत नाही, आणि मग सगळी साइट फुकट. त्यानंतर छर्रे: एकाच जातीचे, एकाच लॉटचे, पुरेसे. छर्रे अडवणारा लोखंडी ट्रॅप आणि मागे भिंत हवीच. हवेच्या नळकांड्याची महाग रायफल घेण्याआधी विचारा, २०० बारची हवा भरायची कुठे? प्रत्येक वेळी त्यासाठी नांदेड गाठायचं असेल, तर पहिलं वर्षभर स्प्रिंगची बरी.

'हा श्रीमंतांचा खेळ, इस्लापूरच्या मुलाने कशाला नाद करावा?' असं म्हणणाऱ्यांवर मला खरा राग आहे. खर्च जास्त आहे, हे खरं. पण कुसाळे शिक्षकाचा मुलगा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो घडला आणि रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. मुडखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरच्या इस्लापूरसारख्या गावच्या शाळेने दोन पीप साइटच्या रायफली आणि दहा मीटरचा एक बंद वर्ग मागितला, तर ती मागणी अवाजवी नाही.

त्या मुलाला मी नेमबाज अभिनव बिंद्राची गोष्ट सांगितली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधी चाचणीचे छर्रे झाडताना त्याला दिसलं, छर्रे भलतीकडे जात आहेत. साइट जागची हलली होती. किती क्लिक फिरवले की छर्रा किती सरकतो हे त्याला पाठ होतं. त्याने ती फिरवून जागेवर आणली, आणि शेवटचा छर्रा १०.८ गुणांचा मारला. मुलाने विचारलं, "काका, क्लिक मोजायला कुठून सुरुवात करू?" मी त्याला एक वही दिली.