रक्तालाही मुदत असते

ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिर, मोहरमला शिबिर. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांची शिबिरे वेगळी. चांगलेच आहे, पण रक्त साठवून किती दिवस राहते? तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ३५ दिवस, पोषक द्रावण घातले तर ४२. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. प्लाझ्मा तेवढा गोठवून वर्षभर टिकतो. म्हणजे मिलादला दिलेल्या तांबड्या पेशी दोन महिन्यांनी कुणाच्याच कामाच्या नाहीत.

मे महिन्यात कॉलेजे बंद, कामगार गावी. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यात शिबिराचे कुणी नावही काढत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी पिशवी लागते. जव्हार-मोखाड्याच्या बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर त्याच रात्री लागते.

रोजा असताना दिवसा रक्त देऊ नये, चक्कर येते. इफ्तारनंतर पोटभर खाऊन, पाणी पिऊन देता येईल. रक्तपेढीला संध्याकाळची वेळ मागून तर बघा. निरोगी पुरुषाला ३ महिन्यांनी, बाईला ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. मशीद कमिटीने साठ पुरुषांची यादी केली, तर दरमहा वीस जण पाठवता येतील. बायकांची यादी वेगळी. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो छापायला मिळणार नाहीत, एवढीच अडचण.