पडीक जमिनीवरचे गवत

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, चिचगडच्या परिसरात, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होण्याआधी जो बरडाचा पट्टा लागतो, त्याला दप्तरी भाषेत सर्रास पडीक म्हटले जाते. वास्तविक या प्रकारच्या जमिनीवर पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी बहुवर्षायू गवते उगवतात, म्हणजे ज्यांची पाती उन्हाळ्यात वाळली तरी जमिनीलगतचे ठोंब जिवंत राहते आणि पहिल्या पावसासरशी फुटते अशी गवते. वर्षायू गवताला दरवर्षी बियांपासून नव्याने उभे राहावे लागते. बहुवर्षायू गवताची मुळे आधीच खोल रुजलेली असल्याने माती धरून ठेवण्याचे काम तेच अधिक चांगले करते.

कुसळीचे बी जवळून पाहण्यासारखे असते. त्याच्या एका टोकाला सुईसारखी अणी असते, तर दुसऱ्या टोकाला शूक, म्हणजे लांब, राठ केसासारखा भाग असतो. हवा दमट झाली की शुकाचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने बी स्वतःला मातीत रोवून घेते. तेच कुसळ धोतराच्या काठात शिरते आणि गुरांच्या तोंडालाही जखम करते, म्हणून चाऱ्यासाठी ही गवते बी धरण्याआधीच कापावी लागतात. धानाच्या तणशीत प्रथिने अगदी कमी असल्याने या वेळेवर कापलेल्या गवताचे मोल मोठे आहे. मात्र सगळेच गवत दरवर्षी फुलोऱ्यात कापले गेले, तर नव्या रोपांसाठी बी उरत नाही. यावर उपाय साधा आहे: कुरणाचा एक तुकडा आळीपाळीने बी झडेपर्यंत राखावा. नेपियरसारख्या परदेशी, पाणी मागणाऱ्या चाऱ्याची ठोंबे वाटण्यापेक्षा अशी राखण स्वस्त पडते. पण तिच्यात वाटण्यासारखे काही नसल्याने ती योजनेच्या कागदावर फारशी शोभत नाही.

कागदाने गवताशी याहून मोठा घोळ घातलेला आहे. बांबू हे शास्त्रीयदृष्ट्या बहुवर्षायू गवतच; तरीही १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत तो वृक्ष होता, आणि ही चूक दुरुस्त व्हायला २०१७ उजाडले.

वाळ्याची, म्हणजे खसाची, गोष्ट वेगळी आहे, कारण हे ओलाव्याचे गवत आहे आणि त्याचे धन जमिनीखाली आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, अनुकूल मातीत तीन-चार मीटरपर्यंतही. म्हणून तलावाच्या पाळीवर त्याच्यासारखा राखणदार नाही. उन्हाळ्यात ताट्यांसाठी आणि सुगंधी तेलासाठी हवी असतात ती हीच मुळे, आणि ती काढायची म्हणजे पाळच उकरावी लागते.