थंडीच्या पाण्याचे सुख

दिवाळी आटोपते, फराळाचे डबे रिकामे होतात, पहाटे पांघरूण अंगाभोवती घट्ट ओढून घ्यावेसे वाटते. आणि आपल्याकडे पोहण्याचा विषय बंद होतो. पोहणे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, गावची विहीर आणि मुलांच्या पाठीला बांधलेला डबा, असे आपले ठरूनच गेले आहे. मैत्रिणींनो, मला मात्र वाटते की नदी-विहिरीत पोहण्याचा खरा हंगाम आत्ता सुरू होतो, आणि तो मुलांपेक्षाही आपला आहे.

कसा, ते सांगते. पावसाळ्यात आपल्या कृष्णेसारखी नदी गढूळ असते, ओढही भयंकर. उन्हाळ्यात पात्र आटते, पाणी साचून हिरवे होते. दिवाळीनंतर मात्र गाळ खाली बसतो, ओढ मंदावते आणि घाटाच्या पायरीवरून तळातले गोटे दिसू लागतात. आणखी एक गंमत आहे. पाणी हवेइतके लवकर निवत नाही. म्हणून पहाटे हवा बोचरी असली तरी नदी त्यामानाने उबदार असते, तिच्यावर वाफ तरंगताना दिसते ती त्यामुळेच. विहिरीचे पाणी तर जमिनीच्या पोटातले. बाराही महिने ते जवळजवळ सारखेच असते. उन्हाळ्यात गार लागते आणि थंडीत कोमट!

‘इश्श, या वयात? लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न येणारच. पण आपल्या आज्या कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कार्तिकस्नानाला उजाडण्यापूर्वी नदीवर जातच होत्या ना? त्यांना कोणी ‘शोभतं का’ म्हणून विचारले नाही, कारण ते पुण्याचे काम होते. आपल्याला जरा आनंदही हवा आहे, एवढाच काय तो फरक.

कलकत्त्याची आरती साहा लहानपणी काकांबरोबर हुगळीच्या घाटावर आंघोळीला जाता जाता पोहायला लागली. १९५९ साली, अवघ्या १९व्या वर्षी तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली. असे करणारी ती आशियातली पहिली स्त्री. ऑगस्टमधला पहिला प्रयत्न फसला होता, तरी महिनाभरात ती पुन्हा त्या गार पाण्यात उतरली. आपल्याला काही खाडी ओलांडायची नाही. पण घाटावरची आंघोळ आणि पोहणे यांत अंतर किती थोडे आहे, हे तिच्याकडे पाहून कळते.

माझ्या ओळखीच्या एक वहिनी माहेरच्या विहिरीत सूर मारायच्या. लग्नानंतर चौदा वर्षे त्यांनी पाण्यात पाऊल टाकले नव्हते. गेल्या थंडीत दोघी मैत्रिणींना घेऊन त्या रविवारी नदीवर जाऊ लागल्या. त्यांना विचारले, एवढे काय मिळते? म्हणाल्या, ‘अहो, तिथे मला कोणी हाक मारत नाही!’ मोबाईल काठावर, डबे-शाळा-सासरचे फोन सगळे काठावर. पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो, मग हातपाय मोकळे होतात आणि पाठीवर तरंगताना वर फक्त आभाळ दिसते. दिवसभर अंगात एक तरतरी राहते ती वेगळीच.

आता थोडे काळजीचे. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, म्हणून एकदम उडी नको. हळूहळू उतरा, मानेवर व तोंडावर पाणी मारा. सुरुवातीला धाप लागल्यासारखे होते, ते मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. श्वास शांत होईपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातच थांबा. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली. बोटे बधिर व्हायच्या आत बाहेर या.

एकटीने कधीच जाऊ नका. पोहता येत नसेल तर आधी तरणतलावात शिका. साडी किंवा ओढणी पाण्यात पायांत अडकते. पोहण्याचा पोशाख किंवा अंगाबरोबर बसणारा सलवार-कुडता बरा. गावाचे सांडपाणी मिळते त्याच्या वरच्या अंगाची जागा निवडा. वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत आणि धरणातून पाणी कधी सोडणार, याची चौकशी तिथल्या माणसांकडे करा. थंडीतही पाणी एकाएकी वाढते. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज उतरू नये.

बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच बदला. डोके कोरडे करून स्वेटर, पायमोजे घाला. थर्मासमधून आल्याचा चहा आणि एखादा डिंकाचा लाडू बरोबर न्यायला विसरू नका! बाहेर आल्यावरही थोडा वेळ अंग गार होतच राहते, तेव्हा हुडहुडी भरली तर घाबरू नका. मात्र घरी येऊन लगेच कढत पाण्याने आंघोळ नको, घेरी येण्याचा संभव असतो.

मुलगी असेल तर तिलाही बरोबर घ्या. लग्नानंतर पोहणे सुटते, हे तिने आपल्याकडून शिकायला नको. येत्या रविवारी सकाळचा नाश्ता घरातल्या मंडळींना करू द्या. पोह्यांना फोडणी घालणे काही पोहण्याइतके अवघड नाही.