स्कॅन कुणाचा, ते आधी लिहा

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयात मध्यरात्री काढलेला सीटी स्कॅन बेंगळुरूमधला रेडिओलॉजिस्ट आपल्या सकाळच्या वेळेत वाचतो, आणि रुग्ण अजून इमर्जन्सीच्या खाटेवर असतानाच रिपोर्ट परत पोचतो. डॉ. अर्जुन कल्याणपूर यांच्या टेलिरेडिओलॉजी सोल्यूशन्सने २००२ मध्ये हे काम सुरू केलं. आता त्यात कुणाला नवल वाटत नाही. कराडमध्ये काढलेला सीटी मात्र पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात आजही बहुधा एसटीनेच येतो. मोठ्या पिशवीत, फिल्म मुडपू नये म्हणून मांडीवर आडवा धरून. सोबत सीडी असते, पण ओपीडीतल्या संगणकाला सीडी घालायची सोयच नसते. डॉक्टर फिल्म खिडकीकडे धरतात, दोन क्षण पाहतात आणि म्हणतात, ‘‘यात नीट कळत नाही. इथे पुन्हा काढून घ्या.’’

हे ‘पुन्हा काढून घ्या’ फुकट पडत नाही. पोटाच्या एका सीटीत शरीराला साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षभरात मिळतो तो २.४ च्या आसपास. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दुसऱ्यांदा, म्हणजे आधीच नाजूक असलेल्या मूत्रपिंडावर दुसऱ्यांदा भार. आणि पैसे. ते तर नातेवाईकांनी पहिल्या स्कॅनलाच कुठून कुठून गोळा केलेले असतात.

यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत, असं यावर सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना १९८३ मध्ये एकत्र बसल्या, कारण प्रत्येक कंपनीचं यंत्र स्वतःच्याच भाषेत चित्र साठवत होतं. पहिलं मानक १९८५ मध्ये आलं, आणि १९९३ मध्ये ते डायकॉम या नावाने पक्कं झालं. आज सीटी, एमआरआय, डिजिटल एक्स-रे यांतलं कुठलंही नवं यंत्र घ्या, ते डायकॉम बोलतंच. रुग्णालयाच्या कारभारी बाजूला, म्हणजे नोंदणी, बिलं, लॅबचे रिपोर्ट यांसाठी, एचएल-सेव्हन ही संस्था १९८७ पासून आहे. तिच्या छत्राखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये मांडायला घेतलेलं ‘फायर’ हे मानक तर मोबाइल ॲपलाही पेलेल इतकं सुटसुटीत आहे. भारत सरकारने २०१३ मध्ये आणि सुधारून २०१६ मध्ये वैद्यकीय नोंदींची जी मानकं जाहीर केली, त्यांत चित्रांसाठी डायकॉमच सांगितलं आहे.

मग अडतं कुठे? डायकॉमची एखादी फाईल उघडून पाहावी. सुरुवातीला १२८ बाइट मोकळे, मग ‘डी आय सी एम’ ही चार अक्षरं, आणि पुढे चित्राच्याही आधी माहितीच्या ओळीच ओळी. प्रत्येक ओळीला ठरलेला क्रमांक. (००१०,००१०) वर रुग्णाचं नाव, (००१०,००२०) वर रुग्ण क्रमांक, (०००८,००५०) वर ॲक्सेशन नंबर, म्हणजे ज्या मागणीवरून ही तपासणी झाली त्या मागणीचा क्रमांक. स्कॅन कुणाचा, कुठल्या यंत्रावर, छेद किती जाडीचा, सगळं फाईलच्या पोटातच असतं. नावालाही शिस्त आहे: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग मधलं, आणि प्रत्येकाच्या मध्ये ठरलेली खूण.

आता तालुक्याच्या सेंटरवर या. बाहेर माणसं ताटकळलेली, आत एकच टेक्निशियन. तो एकाच रकान्यात टाकतो, ‘सुनीता आर पाटील ४५ एफ’. पुण्यात तीच बाई ‘पाटील सुनिता रमेश’ होते. तिच्या जुन्या कागदांवर माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जानेवारी. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. बरं, डायकॉममध्ये जपानी, कोरियन, थाई, अरबी लिपींना स्वतंत्र सोय आहे. देवनागरीला युनिकोडचीच वाट धरावी लागते, आणि जुन्या यंत्रांच्या पडद्यावर ती उमटेलच याचा भरवसा नसतो. म्हणून नाव रोमन लिपीत पडतं. रोमन लिपीत ‘वैशाली’ किती तऱ्हांनी लिहितात, ते कुठल्याही कॉलेजची यादी काढून पाहावं.

यावरचा उपाय जुना आहे आणि चालणारा आहे. त्याला वर्कलिस्ट म्हणतात. डॉक्टरांनी ओपीडीत सीटी सांगितला की ती मागणी एचएल-सेव्हनच्या निरोपातून रेडिओलॉजी विभागाच्या यादीत जाते, यादी थेट यंत्राच्या पडद्यावर दिसते. टेक्निशियन नाव टाइप करत नाही, यादीतून निवडतो. नाव, क्रमांक, ॲक्सेशन नंबर प्रत्येक छेदावर आपोआप छापले जातात आणि रिपोर्ट त्याच क्रमांकाला धरून केसपेपरात परततो. हे सगळं कुणी कशा क्रमाने करायचं, ते ठरवायला अमेरिकेत १९९८ मध्ये आयएचई हा उपक्रम निघाला. त्यांच्या ‘कनेक्टेथॉन’ला एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर एका सभागृहात बसून आपापली यंत्रणा प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रणेला जोडून दाखवतात, परीक्षकांसमोर निरोप पोचला तरच पास. अपघातात बेशुद्ध आलेल्या अनोळखी रुग्णाचा स्कॅन आधी काढून, नाव मागाहून कळल्यावर सगळीकडे एकाच वेळी कसं दुरुस्त करायचं, याचाही तिथे नियम आहे. एवढा बारकाईने विचार झालेला असताना आपल्याकडे वर्कलिस्ट का नसते? कारण अनेकदा ती यंत्रासोबत येत नाही. तिचं लायसन्स वेगळं विकलं जातं, आणि कोट्यवधींच्या खरेदीत नेमकी तीच ओळ घासाघिशीत गळते.

तोवर काम भागवतं व्हॉट्सॲप. फिल्म उजेडावर लावायची, मोबाइलने फोटो काढायचा, मोठ्या डॉक्टरांना पाठवायचा. रात्री अडीच वाजता डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी याने जीव वाचतात, त्यामुळे त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण काय हरवतं, ते ठाऊक असावं. सीटीच्या मूळ फाईलमध्ये करड्या रंगाच्या साधारण ४,०९६ छटा असतात. साध्या फोटोत २५६. मूळ फाईल असली की तोच छातीचा सीटी फुप्फुसासाठी एका ‘विंडो’त, म्हणजे छटांच्या एका निवडक पट्ट्यात, हाडासाठी दुसऱ्या ‘विंडो’त पाहता येतो. फिल्मवर जी विंडो छापली ती छापली. फोटोत हाड पांढरंफटक दिसलं, तर त्यातली बारीक भेग कितीही मोठा डॉक्टर असला तरी त्याला दिसणार नाही.

२७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनकडून म्हणूनच अपेक्षा आहेत. त्यातल्या ‘आभा’ या चौदा आकडी आरोग्य क्रमांकाने नावांचा गुंता निदान सुटू शकतो, आणि रुग्णाच्या संमतीशिवाय नोंद एका दवाखान्यातून दुसऱ्यात जात नाही, ही रचनाही योग्य आहे. या देवघेवीचे ‘फायर’वरचे साचे पुण्यातल्याच सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्राने तयार केले आहेत, आणि त्यांत इमेजिंगलाही जागा आहे. प्रत्यक्षात रुग्णाच्या ॲपवर बहुधा पोचतो तो रिपोर्टचा पीडीएफ. फुप्फुसात आठ मिलिमीटरची गाठ आहे, एवढं पीडीएफ सांगतो. ती सहा महिन्यांपूर्वी होती का, वाढली का, श्वासनलिकेला किती खेटून आहे, हे सर्जनला चित्रातच पाहावं लागतं. साचा चित्राला जागा देतो, व्यवहार कागदाचीच स्कॅन केलेली प्रत पुढे ढकलतो, आणि आपण तिला डिजिटल म्हणतो.

चित्रं खुली करा म्हटलं की दुसरी भीती पुढे येते, आणि ती पोकळ नाही. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरचे इंटरनेटवर उघडे पडलेले पॅक्स सर्व्हर, म्हणजे स्कॅन साठवणाऱ्या यंत्रणा, तपासले. २०२० च्या सुरुवातीच्या तिच्या पुढच्या अहवालात भारतीय रुग्णांची बारा कोटींच्या आसपास चित्रं उघड्यावर सापडली. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. कुणी हुशारीने कुलूप तोडलं असं नव्हे, कुलूपच नव्हतं. डायकॉम घडलं ते रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आतल्या जाळ्यासाठी. दार ठोठावणाऱ्याने आपलं ठरलेलं नाव सांगितलं की ते विश्वास ठेवतं. तोच सर्व्हर कुणीतरी घरून रिपोर्ट लिहायची सोय म्हणून थेट इंटरनेटला जोडला, की रुग्णाचं नाव, वय आणि छातीचा फोटो जगाला मोकळा. यावरून काही व्यवस्थापक सोयीचा निष्कर्ष काढतात: कुणालाच काही द्यायचं नाही. खरं तर जी यंत्रणा संमती तपासून चित्र देते, तिच्यातच कोणी कधी काय पाहिलं याची नोंद राहते. सीडी कुणाच्या हाती पडली, याची कुठे राहते?

अडून बसण्यामागे पैसाही आहे, ते मान्य करायला हवं. दुसऱ्या सेंटरचा स्कॅन चालवून घेतला तर स्वतःच्या यंत्राचा हप्ता फिटायला वेळ लागतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. ती कोणत्या स्वरूपात, यावर नियमात शब्द नाही. फिल्मची पिशवी हातात दिली की कायदा पाळला गेला.

इंग्लंडमध्ये २००२ ला सुरू झालेला आरोग्य संगणकीकरणाचा अवाढव्य कार्यक्रम २०११ मध्ये गुंडाळावा लागला, पण त्यातला पॅक्सचा भाग टिकला. फिल्म तिथल्या मोठ्या रुग्णालयांतून गेलीच. आपल्याकडे तर अवाढव्य कार्यक्रमाचीही गरज नाही. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयातून निघालेला ‘ऑर्थँक’ हा डायकॉम सर्व्हर २०१२ पासून मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालतो. उणीव आहे ती टेंडरमधल्या तीन अटींची. यंत्रासोबत वर्कलिस्टचं लायसन्स किमतीतच धरलेलं असावं. आभा क्रमांक मागणीसोबत यंत्रापर्यंत जावा. आणि करार संपल्यावर कंपनीने सगळी चित्रं मूळ डायकॉम स्वरूपात, त्यांच्या क्रमांकांसह, जादा बिल न लावता परत द्यावीत. ही तिसरी अट आज टेंडरमध्ये सहसा नसते. व्हेंडर बदलला की पाच वर्षांचे स्कॅन जुन्या कंपनीच्या सर्व्हरवर अडकतात, आणि ते सोडवायला लागणारा खर्च नव्या टेंडरमध्ये कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, यावर फाईल फिरत राहते.